मंद बाजू कागदाकडे

पौड, ता. मुळशी
९ जानेवारी १९८२

जयसिंग,

पत्राच्या माथ्यावर नमस्कार घालतात, तो मी घातलेला नाही. विसरले असं समजू नकोस.

तुझं कार्ड मिळालं. चार ओळींत तू तीन वेळा 'वैनी' लिहिलं आहेस. पाच वर्षांत एकदाही लिहिलं नव्हतंस, त्याची भरपाई केलीस असं दिसतं. तुझ्या आईच्या मयताला मी आले होते. मागे बायकांत उभी होते. तू पाहिलंस आणि लगेच लाकडं मोजायला लागलास.

तू विचारतोस, वाल्मीक हॉटेलवाला म्हणतो ते खरं का, आईचा एक फोटो तुमच्याकडे आहे का. खरं आहे. चंद्राबाईंचा उभ्या जन्मात निघालेला तो एकच फोटो. पुण्यात तुझा स्टुडिओ आहे, काचेच्या कपाटात नवरा-नवरींचे फोटो आहेत, आणि घरी आईच्या जागी नुसता खिळा आहे, असं वाल्मीकनं सांगितलं. ते ऐकून मला बरं वाटलं. आता या वयात खोटं कशाला लिहू.

फोटो मी काढला आहे. तुझ्या उस्तादाच्या, माझ्या इलाहीच्या कॅमेऱ्यानं. निगेटिव्ह माझ्याकडे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहे, कोरडी आहे, बुरशी लागलेली नाही. ती तुला मिळेल. त्यासाठी एवढंच कर. बाजाराच्या दिवशी पौडला ये. वाल्मीकच्या हॉटेलापुढे, जिथे तू बाकावर पाय ठेवून उभा राहायचास, तिथेच उभा राहा. आणि तेव्हा बोलला होतास तेवढ्याच मोठ्या आवाजात सांग, की इलाही मुलाणीनं कुणाची यादी केली नव्हती, ते मी उठवलं होतं.

तुला काय बोलला होतास ते आठवत नसेल तर लिहून देते. मी अक्षरं फोटोंच्या पाठीवरून शिकले. इलाही पाठीवर गिऱ्हाइकाचं नाव आणि गाव लिहायचा, मी फोटो वाळत घालताना ते जुळवत बसायची. तेव्हा लिहिलेलं मी विसरत नाही, आणि ऐकलेलंही नाही.

इलाहीचा कॅमेरा दोन डोळ्यांचा. एकावर एक. डोळ्याला लावायचा नाही, कमरेपाशी धरायचा आणि वरून मान खाली घालून काचेत बघायचं. चार वर्षं तू त्याच्या हाताखाली तोच धरायला शिकलास. मग तू डोळ्याला लावायचा नवा घेतलास, वर चमकणारा दिवा असलेला, आणि १९७६च्या दिवाळीआधी, जेव्हा माणसं नसबंदीच्या गाडीचा आवाज आला की भातात जाऊन लपत होती, तेव्हा भर बाजारात तू म्हणालास:

"इलाहीभाई मान खाली घालून कुटं बघतोय ठाऊक हाय का? कमरंखाली! ऑपरेशनवाल्यांची यादी करतोय त्यो!"

सगळं हॉटेल हसलं, असं म्हणतात. तेराव्या दिवशी ताम्हिणीकडच्या वाडीत त्याच्या कानामागे धोंडा बसला. तिसऱ्या दिवशी तो गेला. धोंडा लागला तेव्हा कॅमेरा सदऱ्याच्या आत पोटाशी धरलेला होता, त्याला ओरखडाही नाही.

बाजार कोणत्या वारी असतो ते तुला माहीत आहे.

ताजबी

---

पौड
२ फेब्रुवारी १९८२

जयसिंग,

तुझं पाकीट आलं. दोन पानं लिहिलीस, बरं झालं, कागद तुला परवडतो. 'तो विनोद होता, वैनी. सगळेच हसले. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. धोंडा मी मारलेला नाही.' धोंडा तू मारलास असं मी लिहिलंच नव्हतं. पत्र परत वाच.

आणि तू लिहितोस, की उस्तादांचा डबा आता जुना झाला, त्याचं काही चालत नाही, मी माझ्या माणसाबरोबर नवा कॅमेरा पाठवतो, तो तुम्ही ठेवा आणि निगेटिव्ह त्याच्याकडे द्या. तुझ्या माणसाला पाठवू नकोस. आणि डब्याचं काय चालतं ते तुला सांगते.

गेल्या उन्हाळ्यापासून मी तो गळ्यात घालून फिरते. पट्टा जुनाच, कातड्याचा, त्याच्या मानेच्या घामानं काळा पडलेला. पहिल्या दिवशी मी नुसती दळण आणायला गेले. गिरणीपुढे पाच-सहा जणं होती. इलाही गेल्यापासून त्यांतल्या कुणी माझ्याकडे धड पाहिलं नव्हतं. मुलाण्याची विधवा, पदर डोक्यावर, आली काय गेली काय. त्या दिवशी सगळी एकदम सरळ उभी राहिली. एकानं टोपी काढली, केसांवरून हात फिरवला, टोपी परत घातली. गिरणीवाल्यानं तोंडावरचं पीठ पुसलं. मी काहीच केलं नव्हतं, जयसिंग. कॅमेऱ्यात फिल्म नव्हती. पण डबा पोटावर आहे म्हटल्यावर माणूस आधी आपली बटणं बघतो.

एस.टी.त कंडक्टरनं विचारलं, "मावशी, ह्यो रेडू हाय का?"

मी म्हटलं, "नाही, कॅमेरा आहे."

"मग गानी न्हाई लागत व्हय. लई जुना दिसतोय. चालतो का?"

"माणसं बघून चालतो."

सगळी बस हसली, तोही हसला. आणि मग पौड येईपर्यंत त्यानं उजवा गाल माझ्याकडे केला नाही. त्या गालावर त्याला मोठा फोड होता.

धरणाच्या भिंतीपाशी पहारेकरी काठी घेऊन धावत आला. "फोटू काढायला बंदी हाय! पाटी दिसत न्हाई का?" मी म्हटलं, पाटी वाचली, मला वाचता येतं. तो बघतच राहिला. पाटी वाचणारी बाई आणि कॅमेरा, दोन्ही एकदम त्याला पेलवेना. मी निघाले तसा मागून हळूच म्हणाला, "बाय, माझा एक काढशील? पाटीच्या हिकडं उभा ऱ्हातो." मी खाली बघून चावी फिरवली, खटका दाबला. फिल्म नाही हे त्याला सांगितलं नाही. त्याचं मला अजून थोडं वाईट वाटतं. बाकी कुणाचं वाटत नाही.

रविवारी पुण्याची मंडळी मोटारीनं येतात, मुठ्याकडे नाहीतर घाटात. त्यांच्यातला एक चष्म्याचा माणूस गाडी थांबवून उतरला, माझ्या पोटावरचा डबा वाकून वाकून बघायला लागला. "अहो, काय सुंदर पीस आहे! विकता का? दिवाणखान्यात शोकेसमध्ये ठेवीन." त्याची बायको म्हणाली, "अरे, त्यांना तरी विचार त्या कोण आहेत." तो म्हणाला, "विचारतोच आहे, विकता का म्हणून."

आणि काही बायका मला बघून पोरांची तोंडं पदरानं झाकतात. पाच वर्षं झाली, नसबंदीवाले गेले, सरकार पडलं, परत उभं राहिलं. पण त्या पदर ओढतात. का ओढतात हे पोरांना कुणी सांगत नाही. ती सवय तुझ्या तोंडातून निघाली आहे. तू म्हणतोस डब्याचं काही चालत नाही. तुझ्या विनोदाचं अजून चालतंय.

पुढच्या आठवड्यात मी पुण्याला येणार आहे. फोटोचा कागद आणि फिल्म धुवायची औषधं आणायची आहेत.

ताजबी

---

पौड
२१ फेब्रुवारी १९८२

जयसिंग,

तू मला पाहिलंस. नाही पाहिलं असं लिहू नकोस, पडदा तू स्वतःच्या हातानं ओढलास.

मी तुझ्या स्टुडिओसमोरच्या फूटपाथवर अकरा वाजल्यापासून उभी होते. कॅमेरा कमरेपाशी, मान खाली. तू आमच्या काचेतला गुण विसरला नसशील: उजवं डावं होतं, डावं उजवं. तुझी पाटी मला उलट्या अक्षरांत दिसत होती, आणि तू दारात उजव्या बाजूनं आलास तो काचेत डावीकडून आलास. बाईनं मान खाली घालून राहावं असं मी लहानपणापासून ऐकत आले. घातली. या डब्यात मान खाली घातली की समोरचा माणूस पुरा दिसतो, पायापासून डोक्यापर्यंत, आणि त्याला वाटतं आपल्याकडे कुणी बघत नाही.

तुझ्याकडे एक नवरी आली होती, आईबरोबर. बाहेर पडताना ती थांबली. "मावशी, तुम्ही पण फोटो काढता?" म्हटलं, माझा नवरा काढायचा. ह्या स्टुडिओच्या मालकाला त्यानंच शिकवलं. ती म्हणाली, "अय्या! मग आत या ना, त्यांना किती आनंद होईल." मी म्हटलं, तूच जाऊन सांग त्यांना, इलाही मुलाणींची बायको आली आहे, आनंद होतो का बघ. ती भाबडी पोर खरंच आत गेली. मग पडदा ओढला गेला.

एक पेन्शनर आला, त्यानं मला त्याच्या तरुणपणीच्या अशाच कॅमेऱ्याची सगळी कथा सांगितली. एक कॉलेजचा मुलगा म्हणाला, "काकू, हे म्युझियममध्ये द्या." एका पोलिसानं विचारलं, इथे काय काम आहे. म्हटलं, वाट बघते आहे. "कुणाची?" म्हटलं, एक माणूस आहे, त्याला बाहेर यायला वेळ लागतोय. त्यानं मला सावलीत उभं राहायला सांगितलं. दोन वाजेपर्यंत तू बाहेर आला नाहीस. मग मी तुझ्यापासून चार दुकानं पलीकडून कागदाचं पाकीट घेतलं आणि एस.टी.नं परत आले.

कॅमेऱ्यात फिल्म नव्हती हे तुलाही सांगते.

ताजबी

---

पौड
२६ मार्च १९८२

जयसिंग,

तू मौन धरलं आहेस. ठीक. मी बोलते.

परवा ताम्हिणीकडच्या वाडीत गेले होते. एस.टी. जाते तिथवर एस.टी.नं, पुढे पायी. पाच वर्षांत पहिल्यांदा. डबा गळ्यात होता. वाडीत शिरताच पहिल्यांदा कुत्री भुंकली, मग बायका आत गेल्या, मग पुरुष ओट्यांवरून उठले. पुण्यात लोकांनी कॅमेरा जुना आहे म्हणून पाहिला. इथे ओळखीचा आहे म्हणून पाहिला.

गेणबाला तू ओळखतोस. त्याचा बाप आजारी होता, बापाचा एक फोटो असावा म्हणून गेणबानंच इलाहीला बोलावलं होतं. लोक धावून आले तेव्हा तो दारात उभा होता आणि 'मी बोलावलंय' एवढं त्याला म्हणता आलं नाही. बाप आठ दिवसांनी गेला, फोटो नाहीच. त्यानं मला पाणी दिलं.

"बाय, त्यो डबा हितं नका आनू."

"का?"

"त्यात आमी हाय का?"

मी पाणी प्याले. तांब्या खाली ठेवला.

"त्या दिसाची फिलम त्यात व्हती ना? इलाहीभाईनं शेवटाला खटका दाबल्याला मी आयकला. त्यात कोन कोन हाय? मी हाय का दारात?"

ओट्यावरचे सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या फिल्मवर बारा फोटोंची बारा घरं होती, इलाहीनं सात काढली होती. सातव्यात एकही माणूस नाही. नुसतं भाताचं खाचर आणि वाकडं आभाळ आहे. पळताना चुकून दाबला गेला असणार. हे तुला सांगते आहे. गेणबाला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. ज्याला वाटतं आपण त्यात आहोत, तो त्यात आहे.

मी एवढंच विचारलं, "इलाही यादी करतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"जयसिंगनं."

"हॉटेलात. विनोदानं."

"न्हाई बाय. हाटेलात आमी नव्हतोच. आमी यष्टीला थांबलो व्हतो, बाजार करून. त्यो सोताहून आला. म्हनला, तुमच्याकडं इलाही येनार हाय न्हवं फोटू काढाया? जरा जपून. त्यो नावं देतोय. म्या म्हनलं, मस्करी करतोस का? तर म्हनला, न्हाई गेणबा, मस्करी न्हाई."

हॉटेलातला विनोद मंगळवारचा. स्टँडवरचं बोलणं त्याच्या पुढच्या आठवड्यातलं. त्या हिवाळ्यात ताम्हिणी ते पौड सगळी लग्नं तू काढलीस, कारण दुसरा फोटोग्राफर उरला नव्हता. मी पाच वर्षं एका विनोदावर चिडून होते. माणसाच्या तोंडून काहीतरी जातं, असं म्हणून मी एखाद्या दिवशी सोडूनही दिलं असतं. पण दुसऱ्यांदा बोलताना तू हसला नाहीस.

तुझ्या आईला हे माहीत होतं. ती मला म्हणाली होती, "न्हाई ताजबी, निस्ता इनोद न्हवता." मला तेव्हा कळलं नाही. पुढे तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

ती कशी आली ते ऐक. नवरा गेल्यावर पाळायची माझी इद्दत चालू होती, मला घराबाहेर पडायचं नव्हतं. चंद्राबाई भर दुपारी रस्त्यानं, सगळे बघत असताना आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. आत या म्हटलं तर नाही. म्हणाल्या, "माझ्या लेकाच्या तोंडातनं निघालं त्ये. मी त्याला म्हनलं, जा, भर बाजारात सांग, चुकलं म्हनून. त्यो म्हनतो धंदा बसंल." आणि एकदम, "त्या डब्यात फिलम हाय का?"

होती. इलाहीचीच. पाच घरं उरली होती.

"तुला येतं का काढाया?"

"धुवायला येतं. काढला कधीच नाही."

"मग काढ. त्यो रोज मागं लागतो, आये, बस, तुझा फोटू काढतो. म्या सांगितलंय, जवर तू बाजारात जाऊन बोलत न्हाईस तवर तुझ्या क्यामेऱ्याम्होरं मी बसनार न्हाई. आन मी मेल्यावं पन मला बसवू नगंस. पन माजं तोंड ऱ्हायला तर पायजे कुटंतरी. तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

परसात शेवग्याखाली बसवलं. मी चावी पुढे-मागे फिरवत एवढा वेळ लावला की चंद्राबाईच म्हणाल्या, "अगं, मी काय पळून जात न्हाई." मी मान खाली घातली. काचेत ती. डाव्या गालावरचा भाजल्याचा डाग काचेत उजव्या गालावर आलेला. तो डाग कसा पडला हे तिनं मला सांगितलं, तुलाही सांगितलं असेल. तू रांगत होतास, चुलीतलं जळतं लाकूड ओढलंस, ती मध्ये आली.

खटका मी दाबला. आयुष्यातला पहिला.

ताजबी

---

पौड
१९ एप्रिल १९८२

जयसिंग,

तू आलास. बाजाराच्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी, दुपारी दोन वाजता, जेव्हा रस्त्यावर कोंबडीसुद्धा नसते. स्कूटर लांब शाळेपाशी लावलीस. माझ्या दारात उभा राहून इतक्या हळू बोललास, की मला 'काय?' म्हणून विचारावं लागलं.

"चुकलं, वैनी."

मी म्हटलं, हे मला कशाला सांगतोस, मला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही ते काल इथे होते.

तू म्हणालास, "पुण्यात माझं नाव हाय आता. हितं बोललो तर तितं पोचंल. पोरं हायेत मला." इलाहीलाही नाव होतं. पौडपासून ताम्हिणीपर्यंत होतं.

मग तू ते बोललास. मी दार लावून घेतलं ते त्यामुळे.

"तुमी पन हसला व्हता, वैनी. इलाहीभाईनंच मला सांगितलं व्हतं. म्हनला, घरी सांगितलं तर ताजू हसून हसून लोळली."

हो. हसले होते. तो हॉटेलातून आला, जेवायला बसला आणि तुझी नक्कल केली, बाकावर पाय ठेवून. कमरेखाली बघतोय! मला ठसका लागला. त्यानं पाणी दिलं. म्हणाला, "जयसिंग लई वात्रट झालाय." त्याला तुझं कौतुक होतं. मी तेव्हा म्हणायला हवं होतं, काही दिवस त्या बाजूला जाऊ नको. लोक भ्यालेले आहेत, विनोदाचे दिवस नाहीत. मी वर्तमानपत्र वाचत होते, पुड्यांचे का होईना कागद वाचत होते, मला कळायला हवं होतं. मी त्याला आणखी एक भाकरी वाढली.

हे मी पाच वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आईलाही नाही. तुला सांगितलं म्हणून तुझं माझं बरोबरीत आलं असं समजू नकोस. मी घरात हसले. तू स्टँडवर हसला नाहीस.

तू दारात बराच वेळ उभा होतास. फटीतून तुझे बूट दिसत होते. शेवटी म्हणालास, "एकदा बघू तरी द्या."

म्हणून या पाकिटात फोटो घातला आहे. निगेटिव्ह नाही, फोटो. परवा दारं-खिडक्या लावून, फटींत गोणपाट कोंबून, लाल बल्बखाली मी स्वतः केला आहे. कागद तुझ्या पेठेतला. पाठीवर नाव आणि गाव लिहिलं आहे, इलाही लिहायचा तसं.

बघ.

ताजबी

---

पौड
११ मे १९८२

जयसिंग,

तुझी तार आली. पोस्टमन धावत आला, गल्लीतल्या बायकांनी रडायची तयारी केली, आणि आत काय, तर 'फोटो उलटा छापला आहे, निगेटिव्ह पाठवा'. तारेत 'वैनी' नाही. शब्द वाचवलास.

मला वाटलंच होतं तू पहिल्या नजरेत ओळखशील. दुसऱ्या कुणाला वर्षभर कळलं नसतं. नुसतं वाटलं असतं, की ही आपलीच बाई, पण कुठेतरी चुकतंय. डाग उजव्या गालावर गेला आहे. पदर भलत्या खांद्यावर. तुटका दात भलत्या बाजूला. डोळे तिचे आहेत, पण ते तुझ्याकडे बघत नाहीत, तुझ्या शेजारी कुणी उभं असावं तसे बघतात.

तू लिहिलं नाहीस, पण मनात म्हणाला असशील, अडाणी बाई, चुकली. तर ऐक. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी खरंच चुकले होते. चांदे गावातल्या एका लग्नाचे सगळे फोटो उलटे छापले. नवरीची नथ उजव्या नाकात. नवरीची सासू फोटो घेऊन दारात उभी राहिली, म्हणाली, "आमची सून बदलली का काय!" इलाही ओरडला नाही. त्यानं फिल्मची पट्टी माझ्या बोटांत धरवली. म्हणाला, चाचपून बघ, एक बाजू चकचकीत, एक मंद. मंद बाजू नेहमी कागदाकडे. एवढं एक ध्यानात ठेव, मग अंधारातसुद्धा चुकणार नाहीस. तुलाही त्यानं हेच शिकवलं, त्याच शब्दांत. मी शेजारी भांडी घासत होते.

त्यानंतर मी कधी चुकले नाही. याही वेळी नाही. पट्टी हातात घेतली, दोन्ही बाजू चाचपल्या, आणि चकचकीत बाजू कागदाकडे केली.

तुला हे सुधारता येतं, मला माहीत आहे. फोटोचा फोटो काढायचा, फिल्म उलटवायची, सरळ छापायचा. अर्ध्या तासाचं काम. पण त्यासाठी आईला तुझ्या कॅमेऱ्यापुढे ठेवावं लागेल. दिवा सोडावा लागेल तिच्या तोंडावर. आणि ती काय म्हणाली होती, ते मी तुला मार्चच्या पत्रात तिच्याच शब्दांत लिहिलं आहे. मेल्यावरही बसवू नकोस, असं म्हणाली होती. कागदावरची आई बसवायची का, ते तुझं तू ठरव. मी बघायला येणार नाही. तुझ्या स्टुडिओला आता पडदा आहे.

निगेटिव्ह बिस्किटाच्या डब्यात आहे. बाजार दर आठवड्याला भरतो. वाल्मीकनं बाक बदललेला नाही. तू येऊन बोललास तर त्याच दिवशी ती तुझ्या हातात देईन, आणि डबाही देईन, त्यात इलाहीची सात घरं आहेत, तुझ्या उस्तादाची शेवटची. मी दर बाजारी तिथे असते. कॅमेरा कमरेपाशी असतो. मागच्या आठवड्यापासून त्यात फिल्म आहे.

आणि तोवर तुला आईचं खरं तोंड बघावंसंच वाटलं, तर एक उपाय मी तुला सांगते, कॅमेरा न लावता. स्टुडिओत गिऱ्हाइकांना भांग पाडायला तू मोठा आरसा लावला आहेस, तो मी फूटपाथवरून पाहिला. गिऱ्हाईक नसताना फोटो घेऊन त्याच्यापुढे उभा राहा. छातीशी धर. डाग डाव्या गालावर येईल. पदर जागच्या जागी. दात जिथला तिथे. चंद्राबाई जशी शेवग्याखाली बसली होती तशीच दिसेल, सरळ.

फक्त, फोटोच्या वर तुझं तोंड दिसेल. ते झाकता येणार नाही. दोन्ही हातांत फोटो असेल.

ताजबी इलाही मुलाणी